बेइमानीचा हिशेब कोर्टात कुठपर्यंत चालतो?

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत): लग्न पुण्यात झालं, त्याला 13 वर्षं झाली. गेली 9 वर्षं आम्ही कॅलिफोर्नियात आहोत. मुलगी 9 वर्षांची, मुलगा 5 वर्षांचा. मी एच-4 व्हिसावर (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या) आहे, ग्रीन कार्डाची रांग सुरू आहे. दोन वर्षांपासून नवऱ्याचे ऑफिसातल्या एका बाईशी संबंध आहेत, हे मला मार्चमध्ये कळलं. हॉटेलची बिलं, दागिन्याची पावती, तिच्या खात्यात पाठवलेले पैसे, सगळ्याचे स्क्रीनशॉट मी ठेवले आहेत. नवरा म्हणतो, "आपण शांतपणे वेगळं होऊ. इथे नो-फॉल्ट कायदा आहे, कोणाची चूक हे कोर्ट विचारतच नाही." भाऊ म्हणतो, "पुण्यात केस टाक, त्याला धडा शिकवू." माझा प्रश्न एवढाच आहे: त्याने केलेल्या गोष्टीला काहीच किंमत नाही का? घर, मुलं, पैसा यात मला न्याय मिळणार की नाही? त्याने एकदा तरी कुणासमोर तरी म्हणावं, की माझी चूक झाली.

---

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना स्क्रीनशॉटांपाशी थांबले. मुलं झोपल्यावर, दार लोटून, एकेक पावती शोधत बसलेली बाई डोळ्यांसमोर आली. ज्या माणसाच्या शेजारी 13 वर्षं झोपलो त्याच्याविरुद्ध पुरावे गोळा करणं हे किती एकटेपणाचं काम आहे, हे ज्यांनी केलंय त्यांनाच ठाऊक. म्हणून आधी एवढंच सांगते की तुम्हाला जे झोंबतंय ते खरं आहे. ते झोंबावं इतकं मोठं आहे.

आता नवऱ्याच्या वाक्याकडे येऊ. तो सांगतोय ते बरोबर आहे, पण अर्धं.

कॅलिफोर्नियात घटस्फोटाच्या अर्जावर कारण म्हणून बहुतेक सगळेजण एकाच चौकटीत खूण करतात, 'इररिकन्सिलेबल डिफरन्सेस', म्हणजे न मिटणारे मतभेद. दुसरं कारण आहे ते जोडीदार निर्णय घेण्यास कायमचा असमर्थ होण्याचं, आणि ते क्वचितच लागू होतं. व्यभिचार, छळ, सोडून जाणं या चौकटी त्या कागदावर नाहीतच. वैवाहिक गैरवर्तनाचे प्रसंग घटस्फोट मिळवण्यासाठी पुरावा म्हणून मांडताही येत नाहीत, असं तिथल्या फॅमिली कोडमध्येच, म्हणजे कौटुंबिक कायद्यातच, लिहिलं आहे. दोघांपैकी एकाला लग्न संपवायचं असेल तर दुसऱ्याला ते अडवता येत नाही.

हा कायदा निर्दयपणातून आलेला नाही, आणि तो का आला हे कळलं तर त्याच्यावरचा राग थोडा तरी कमी होईल असं मला वाटतं. 1970 च्या आधी कॅलिफोर्नियातही दोष सिद्ध करावा लागे, आणि व्यभिचार किंवा टोकाचा छळ सिद्ध झाला तर निर्दोष जोडीदाराला सामाईक मालमत्तेत निम्म्याहून जास्त वाटा मिळे. तुम्हाला आज हवंय ते तेव्हा होतं. पण त्यासाठी कोर्टात काय चालायचं? वेगळं व्हायचं ठरवलेली जोडपी खोट्या शपथा घेत, मारहाणीच्या गोष्टी रचत. न्यूयॉर्कमध्ये तर 1960 च्या दशकापर्यंत व्यभिचार हे घटस्फोटाचं एकमेव कारण होतं, त्यामुळे हॉटेलच्या खोलीत फोटोपुरता 'व्यभिचार' उभा केला जाई. आणि जिचा खरोखर छळ होत होता, पण साक्षीदार नव्हता, ती बाई त्या लग्नातच अडकून राही. 1969 मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा बदलला, 1 जानेवारी 1970 पासून तो लागू झाला, आणि मग एकेक राज्य त्या वाटेने गेलं. न्यूयॉर्क सर्वांत शेवटी, 2010 मध्ये.

म्हणून तुमच्या मनातल्या एका समजुतीला मी हळूच हात लावते. 'नो-फॉल्ट' म्हणजे 'कोणाचीच चूक नाही' असा निकाल, असं तुम्ही धरून चालला आहात. नवराही बहुधा तसंच धरून चाललाय, म्हणून तर तो एवढा शांत आहे. पण कायदा तसं म्हणत नाही. चूक कोणाची हे मोजायचं काम माझं नाही, एवढंच तो म्हणतो. कोर्टाने विचारलं नाही म्हणून जे घडलं ते पुसलं जात नाही. हा फरक शाब्दिक वाटेल, पण पुढचे सगळे निर्णय त्याच्यावर उभे आहेत. ज्या दारातून मिळण्यासारखं काही नाही तिथे तुम्ही वर्षभर डोकं आपटत बसाल, आणि जिथे खरंच काही मिळण्यासारखं आहे ते दार तोवर बंद व्हायला लागेल.

कोर्ट याबाबत किती ठाम आहे याचं एक उदाहरण देते. एका जोडप्याने आधीच्या प्रकरणानंतर लेखी करार केला होता, की पुन्हा विश्वासघात केला तर 50,000 डॉलर द्यायचे. नवऱ्याने पुन्हा तेच केलं. बायको करार घेऊन कोर्टात गेली. 2002 मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील कोर्टाने सांगितलं, हा करार अमलात आणता येणार नाही, कारण तो नो-फॉल्ट धोरणाच्याच विरुद्ध आहे. दोघांच्या सह्या असूनही.

मग तुमचे स्क्रीनशॉट कचऱ्यात गेले का? नाही. त्यातले काही गेले, काही सोन्यासारखे आहेत. कुठले कुठले ते बघू.

कॅलिफोर्नियात लग्नाच्या काळात दोघांपैकी कोणीही कमावलेला पैसा दोघांचा मानला जातो. पगार कोणाच्या नावावर येतो याला महत्त्व नाही, तुम्ही एच-4 वर घरी होतात यालाही नाही. वेगळं होताना हे सगळं समसमान वाटलं जातं. आणि लग्न चालू असताना, वाटणी होईपर्यंतसुद्धा, नवरा-बायकोने एकमेकांच्या पैशाबाबत विश्वस्तासारखं वागावं असं कायदा सांगतो. सामाईक पैशातून तिसऱ्या माणसाला भेट द्यायची तर जोडीदाराची लेखी संमती लागते. त्या बाईला दिलेला दागिना, तिच्या खात्यात गेलेले पैसे, ती हॉटेलं, यातली निम्मी रक्कम तुमची होती. प्रेमात पडला म्हणून कोर्ट त्याला काही विचारणार नाही. तुमच्या पैशाने प्रेम केलं म्हणून विचारू शकतं.

आणि लपवालपवीबाबत हे कोर्ट फार कडक आहे. एका बाईला लॉटरीत 13 लाख डॉलरहून जास्त लागले. तिने नवऱ्याला न सांगता काही दिवसांतच घटस्फोटाचा अर्ज केला आणि बक्षिसाची रक्कम कागदपत्रांत दाखवलीच नाही. पुढे ते उघड झालं आणि ते सगळं बक्षीस नवऱ्याला देण्यात आलं. निम्मं नव्हे, सगळं. 2001 मध्ये अपीलातही तो निकाल कायम राहिला. नेहमीच्या प्रकरणात अशा उल्लंघनासाठी निम्मी रक्कम आणि वकिलाचा खर्च मिळतो, पण हेतुपुरस्सर फसवणूक सिद्ध झाली तर पूर्ण रक्कमही मिळू शकते.

तेव्हा तुमच्या फोल्डरचे दोन भाग करा. एकात चॅट, फोटो, "मिस यू". ते बंद करून ठेवा आणि रात्री उघडू नका. मनावरची जखम खाजवण्यापलीकडे त्याचा उपयोग नाही. दुसऱ्यात तारीख, रक्कम, खातं. क्रेडिट कार्डाची गेल्या तीन वर्षांची स्टेटमेंट, बँकेचे व्यवहार, दोघांचे टॅक्स रिटर्न, 401(के) चे, म्हणजे नोकरीतल्या निवृत्ती-बचत खात्याचे, कागद, कंपनीच्या शेअर्सचा तपशील. यात जे जे तुमच्या संयुक्त खात्यातून किंवा घरातल्या कागदांतून मिळतं तेवढंच घ्या. त्याच्या फोनचा पासवर्ड फोडून आत शिरणं, ईमेल उघडणं, घरात गुपचूप रेकॉर्डर ठेवणं, गाडीला ट्रॅकर लावणं यातलं काहीही करू नका. कॅलिफोर्नियात खाजगी संभाषण सगळ्यांच्या संमतीशिवाय रेकॉर्ड करणं गुन्हा आहे. चूक त्याची, आणि गुन्हा तुमच्या नावावर, असं होऊ देऊ नका.

तुम्ही पत्रात ओझरता उल्लेख केलाय त्या पुण्याच्या फ्लॅटचं विसरू नका. तो नवऱ्याच्या आणि सासूबाईंच्या नावावर आहे, पण पैसा इथल्या पगारातून गेलाय. घटस्फोटाच्या प्रक्रियेत दोघांनाही शपथेवर आपली सगळी मालमत्ता आणि कर्जं जाहीर करावी लागतात. जगात कुठेही असली तरी. पुण्यातल्या भिंती कॅलिफोर्नियाचं कोर्ट हलवू शकत नाही, पण त्यात गेलेला सामाईक पैसा हिशेबात धरून इथल्या घरात किंवा बचतीत तुमचा वाटा वाढवू शकतं. माहेरहून मिळालेले दागिने आणि तुम्हाला वारशाने आलेलं असेल ते तुमचंच. त्याचीही यादी आणि फोटो आजच करून ठेवा.

पोटगीबद्दल. विश्वासघात हा पोटगी ठरवण्याच्या निकषांत नाही. लग्न किती वर्षं टिकलं, राहणीमान काय होतं, कोणी कोणाच्या करिअरसाठी स्वतःचं थांबवलं, पुन्हा कमावायला किती वेळ आणि शिक्षण लागेल, हे निकष आहेत. घरगुती हिंसाही आहे. तुम्ही पत्रात हिंसेबद्दल काही लिहिलेलं नाही. नसेल तर बरंच आहे. पण धमक्या, पैसे अडवणं, पासपोर्ट काढून घेणं असलं काही तुम्ही "तेवढं चालतंच" म्हणून सोडून दिलं असेल, तर वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा. त्याने पोटगी आणि मुलांचा ताबा दोन्हीचं चित्र बदलतं.

तुमच्या 13 वर्षांना इथे वजन आहे. 10 वर्षांपेक्षा कमी टिकलेल्या लग्नात पोटगी साधारण लग्नाच्या निम्म्या काळापुरती दिली जाते. 10 वर्षांपुढचं लग्न 'दीर्घ काळाचं' मानलं जातं आणि पोटगी कधी थांबवायची हे ठरवण्याचा अधिकार कोर्ट स्वतःकडे ठेवतं. (ज्यांच्या लग्नाला साडेनऊ वर्षं झालीत आणि जोडीदार 'लवकर उरकून टाकू' म्हणतोय, त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. 10 वर्षांचा हाच उंबरठा घटस्फोटित जोडीदाराला उतारवयात मिळणाऱ्या सोशल सिक्युरिटीला, म्हणजे सरकारी पेन्शनलाही लागू आहे.) आणि वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून घाबरू नका. ज्याची कमाई जास्त त्याने दुसऱ्याच्या वकिलाचा खर्च द्यावा असा आदेश कोर्ट देऊ शकतं. प्रत्येक काउंटीच्या (जिल्ह्याच्या) कोर्टात 'फॅमिली लॉ फॅसिलिटेटर' असतो, तो फॉर्म भरायला विनामूल्य मदत करतो.

मुलांबाबत तुम्ही लिहिलंय, "अशा माणसाकडे मुलं कशी द्यायची?" हे वाक्य लिहिताना तुमचा हात थरथरला असणार. पण मी थोडं थांबवते. तो नवरा म्हणून खोटा वागला. बाप म्हणून कसा आहे? शाळेत सोडतो का, तापात जागतो का, मुलीला त्याच्यापाशी सुरक्षित वाटतं का? कोर्ट हेच विचारणार, मुलांचं हित कशात आहे. बाहेरचा संबंध मुलांवर थेट परिणाम करत असेल, त्या व्यक्तीपासून मुलांना धोका असेल, तरच तो मुद्दा होतो. या दोन गोष्टी तुमच्या मनात आज एकजीव झाल्या आहेत आणि त्या वेगळ्या करणं फार कठीण आहे. तरी करा, कारण तुमची 9 वर्षांची मुलगी तेच करायचा प्रयत्न करत असणार.

आता भावाचं म्हणणं. त्याच्या रागात माया आहे, ती मला दिसते. लग्न पुण्यात झालं, त्यामुळे तिथे अर्ज करता येतो. हिंदू विवाह कायद्यात व्यभिचार हे आजही घटस्फोटाचं कारण आहे. कायमची पोटगी ठरवताना दोघांचं वर्तन पाहिलं जातं, हेही खरं. म्हणजे जे ऐकून घ्यायला कॅलिफोर्निया नकार देतं, ते पुण्याचं कोर्ट ऐकून घेईल. पण भावाला वाटतं तशी शिक्षा तिथे नाही. व्यभिचाराचं कलम 497 सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये रद्द केलं. त्याआधीही बायकोला आपल्या नवऱ्याविरुद्ध त्या कलमाखाली तक्रार करता येत नव्हती. शिवाय लग्नात कमावलेलं सगळं निम्मं-निम्मं, असा नियम गोवा सोडता भारतात नाही. घर ज्याच्या नावावर, बहुधा त्याचं. दोष सिद्ध करायला पुण्यात जाल आणि निम्मा हिस्सा इथे अडकेल, दोन देशांत दोन खटले, वर्षानुवर्षं. तुमच्या बाबतीत मला हा सौदा तोट्याचा वाटतो. आणि छळ झालेला नसताना छळाची फौजदारी तक्रार करायचा सल्ला कोणी देत असेल, तर तो अजिबात ऐकू नका.

मात्र भारतीय कायद्यातली एक गोष्ट तुमच्या बाजूने आहे, आणि ती नवऱ्याला बहुधा माहीत नाही. 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असं ठरवलं, की हिंदू विवाह कायद्याखाली झालेलं लग्न परदेशी कोर्टाने त्या कायद्यात नसलेल्या कारणावर मोडलं, तर दुसऱ्या पक्षाची खरी संमती असल्याशिवाय तो घटस्फोट भारतात सहसा मान्य होत नाही. 'न मिटणारे मतभेद' हे कारण हिंदू विवाह कायद्यात नाही. म्हणजे दोन्ही देशांत चालेल असा घटस्फोट त्याला हवा असेल तर त्याला तुमची संमती लागणार. ही सूड घ्यायची वस्तू नव्हे, कारण उद्या पुन्हा लग्न करायचं किंवा भारतात स्थायिक व्हायचं तर तुम्हालाही तोच कागद लागेल. पण वाटाघाटीला बसताना आपण रिकाम्या हाताने बसलेलो नाही, एवढं लक्षात असू द्या. अनेक जोडपी इथला निकाल झाल्यावर भारतात परस्पर संमतीचा अर्जही करतात. दोन्हीकडचा कायदा जाणणाऱ्या वकिलाला हे विचारा.

दोन सावधगिरीच्या गोष्टी, आणि यात मी जरा कठोर होणार आहे. कॅलिफोर्नियात कागद बजावले गेले की 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. रागाने ते ड्रॉवरमध्ये टाकलेत तर तुमच्या गैरहजेरीत निकाल लागू शकतो. दुसरी, मुलांना घेऊन "थोडे दिवस आईकडे" म्हणून विमानात बसू नका. अर्ज बजावला की दोघांनाही आपोआप मनाई लागू होते: मुलांना लेखी संमतीशिवाय राज्याबाहेर नेता येत नाही, मालमत्ता विकता येत नाही, विम्यातलं नाव बदलता येत नाही. मुलं पळवण्याबाबतच्या 1980 च्या हेग करारात भारत नाही, त्यामुळे इथली कोर्टं भारतात नेलेल्या मुलांबाबत जास्तच सावध असतात. आज मुलांची मुख्य सांभाळकर्ती तुम्ही आहात, ते स्थान एका तिकिटाने गमावू नका.

व्हिसाचं मात्र सगळ्यांत आधी. एच-4 हा लग्नावर टांगलेला आहे. अर्ज केल्याने तो जात नाही, अंतिम निकालाने जातो, आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत त्याच्यामागे असलेली तुमची जागाही निकालाबरोबर संपते. कॅलिफोर्नियात कागद बजावल्यापासून निकालापर्यंत किमान 6 महिने लागतात, पण 6 महिन्यांतच झालं पाहिजे असं काही नाही. "शांतपणे आणि लवकर" म्हणणाऱ्या नवऱ्याला घाई असेल, तुम्हाला नाही. पैशाच्या वकिलाआधी इमिग्रेशनच्या वकिलाला भेटा, आणि निकालाची तारीख हाच वाटाघाटीचा पहिला मुद्दा करा.

आणखी एक विचारू का? संपूर्ण पत्रात तुम्हाला वेगळं व्हायचंय की नाही हे तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. त्याला व्हायचंय, भावाला धडा शिकवायचाय. तुमचं काय? उत्तर आज नसलं तरी चालेल. दोघं राजी असाल तर लग्न न मोडता कायदेशीर विभक्त राहण्याचा अर्जही करता येतो, आणि तुमच्या व्हिसाच्या दृष्टीने तो विचारात घेण्यासारखा आहे.

शेवटची तुमची मागणी, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले. त्याने एकदा कुणासमोर तरी म्हणावं, की माझी चूक झाली. न्यायाधीश त्याच्या तोंडून हे वदवणार नाही. पण खाजगी मध्यस्थाची खोली वेगळी असते. कॅलिफोर्नियात मध्यस्थीत बोललेलं गोपनीय असतं, पुढे कोर्टात ते वापरता येत नाही. (मुलांच्या ताब्यासाठी कोर्टच मध्यस्थ नेमतं तिथले नियम काही काउंट्यांत वेगळे आहेत, ते आधी विचारून घ्या.) कबुलीचा वापर होणार नाही याची खात्री असल्याने काही माणसं तिथे प्रथमच खरं बोलतात. मध्यस्थाला पहिल्या भेटीआधी ईमेल करा आणि सांगा की घर, पोटगी, मुलं यांच्याकडे वळण्याआधी मला 15 मिनिटं हवी आहेत. मी माझं बोलेन, तो मधे न बोलता ऐकेल, आणि नंतर त्याला काय म्हणायचंय ते म्हणेल. तो काहीच म्हणाला नाही तर उठून पाणी प्या, परत येऊन बसा, आणि क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटची फाइल उघडा.